उष्ट्याची बादली

परब आबांच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते पाणी विचारायच्या आधी बादली दाखवायचे. मोरीच्या कडेला ठेवलेली पिवळी प्लॅस्टिकची बादली, कडी तुटलेली, कडीच्या जागी सुतळी. "बघ," म्हणायचे. पाहुणा वाकून बघायचा. आत काहीच नसायचं. मग आबा पाहुण्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, आता काहीतरी कौतुकाचं ऐकायला मिळणार अशा चेहऱ्याने. पाहुण्याला कळायचं नाही काय बोलावं. मलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे."

आबा खूश झाले. "अकरा पोरां जेवली," ते म्हणाले, "आणि बादली कोरडी!"

ती उष्ट्याची बादली होती. आबा विक्रोळीच्या एका कारखान्यात, कँटीनमध्ये तीस वर्षं आचारी होते. तिथे जेवणाची सुट्टी संपली की सुपरवायझर यायचा आणि उष्ट्याची पिंपं तपासायचा. पिंप जड तर आचाऱ्याला बोलणी, पिंप हलकं तर काहीच नाही. शाबासकी कधी नाहीच. तीस वर्षांत आबांना आपला स्वयंपाक कसा झाला हे कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. ते पिंपात बघायचे आणि समजून घ्यायचे. कारखाना बंद झाला, आबा घरी आले, आणि ती सवयही सोबत घरी आली.

आमची चाळ घाटकोपरला डोंगरावर आहे. खाली रस्त्यापासून एकशे चाळीस पायऱ्या. इथल्या बहुतेक आया सकाळी नऊला उतरतात त्या संध्याकाळी सातला चढतात. शाळा साडेबाराला सुटते. मधल्या वेळात लहान मुलांचं काय करायचं, हा प्रश्न चाळीत प्रत्येक घरात होता. आबांची बायको वारली, मुलगा डोंबिवलीला राहायला गेला, आणि आबा एकटे राहिले. कोणीतरी एका दिवसासाठी म्हणून आपली मुलगी त्यांच्याकडे ठेवली. ती तिथे जेवली. पुढच्या आठवड्यात तीन मुलं, आणि मी जायला लागले तेव्हा अकरा.

मी म्हणजे मास्तरीण. हे नाव आबांनीच ठेवलेलं. माझं कॉलेज सकाळचं असतं, मी एसवायबीकॉमला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असा चाळीत समज आहे. मुलांचं जेवण झालं की मी दोन ते पाच त्यांचा अभ्यास घ्यायचे. कॉलेजातून मी थेट आबांकडेच यायचे. मुलांच्या पंगतीत मलाही ताट मिळायचं. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या ताटाचाही भाग आहे.

आबा मुलांना भूक लागली का असं कधी विचारत नसत. ते दारात बसून मुलं बूट कसे काढतात ते बघायचे. बूट दोन दिशांना उडाले तर पोरगं उपाशी. कोणी शांतपणे नाडी सोडून बूट जोडीने ठेवले की आबा त्याला बाजूला घ्यायचे. "काय खाल्लं वाटेत?"

"काही नाही, आबा."

"तोंड उघड."

तोंडाला चिंच नाहीतर कुरकुऱ्यांचा मसाला असायचाच. "भूक पायांत असता," आबा मला सांगायचे. "तोंड खोटं बोलता. पाय नाय बोलत."

मग ते झाकणावर डाव आपटायचे आणि ओरडायचे, "पहिली पाळी!" दुसरी पाळी नव्हतीच, एकच खोली होती. पण पहिली पाळी म्हटल्याशिवाय त्यांना वाढता येत नसे. मुलांना त्यांनी खाण्यावरून नावं दिली होती. ओम म्हणजे दीड पोळी. वेदांत म्हणजे सुका भात, कारण त्याच्या भाताला वरणाचा थेंब लागला तर तो रडायचा. सगळ्यात लहान सानिका, पहिलीतली. ती अगदी थोडं खायची, पण जे घेईल ते चाटूनपुसून संपवायची. तिचं नाव पावशेर. ती आबांची लाडकी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मला भेंडी नको," असं कोणी म्हणालं की आबा म्हणायचे, "हॉटेल नाय हां." पण बादलीत भेंडी सापडली की त्यांचा चेहरा पडायचा. ते चमच्याने तुकडा उचलून उजेडात धरायचे. "दात बारीक आहेत. समोरचा एक पडलेला. ओम!" ओम मान खाली घालायचा. आबा त्याला रागवत नसत, त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "काय चुकला? मीठ कमी पडला काय?" सात वर्षांचा मुलगा काय सांगणार? तो म्हणायचा, "बुळबुळीत होती." दुसऱ्या दिवशी भेंडी कुरकुरीत यायची. बादली कोरडी व्हायची.

आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर आबा रोज अडीच वाजता आवाजात निरोप टाकायचे, त्यांना टाइप करणं जमत नसे. "नमस्कार. परब बोलतोय. आज हजेरी अकरा. दीड पोळीने दोन पोळ्या खाल्ल्या. सुका भात नेहमीप्रमाणे. बादली निरंक. धन्यवाद." सानिकाची आई संगीताताई मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. ती एकदा सांगत होती, तिने कपडे बदलायच्या खोलीबाहेर तो निरोप चुकून मोठ्याने लावला, आणि आतल्या बाईने विचारलं, "कुठली बादली?" संगीताताई खूप हसली होती सांगताना. "पण ते ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली डबा उतरत नाही गं," असंही म्हणाली.

आता पुढचं सांगायचं तर मला थोडं थांबायला होतं.

एका मंगळवारी सानिकाने ताटात वरणभात तसाच टाकला. आबांनी बादलीत तो बघितला. बुधवारी वरणाला लसणीची फोडणी आली. सानिकाने दोन घास खाल्ले. आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "फोडणी करपली होती काय गो?"

"नाही, आबा. मस्त होती."

"मगे?"

गुरुवारी त्यांनी सकाळीच खाली उतरून बोंबील आणले. रव्यात घोळवून, भरपूर तेलात, कडक तळले. बाकीच्या मुलांनी आरडाओरडा केला. सानिका बोंबलाकडे बघत बसली आणि म्हणाली, "वास येतो."

आबांना ते लागलं. मला दिसलं. तीस वर्षं ज्या माणसाने पिंपात बघून आपली किंमत ठरवली, त्याला एका सहा वर्षांच्या मुलीने वास येतो म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि एकेक घास भरवला. चिमणीचा, कावळ्याचा, सुपरवायझरचा. सुपरवायझरच्या घासाला ती हसली आणि तोंड उघडलं. ताट संपलं. शुक्रवारी कोंबडीची सागोती झाली, वर तळलेले वडे. तेही तिला भरवले. शुक्रवारच्या निरोपात आबांचा आवाज चढलेला होता. "पावशेराने आज दोन वडे. बादली निरंक."

त्याच दुपारी अभ्यासाला बसल्यावर सानिका वहीवर डोकं ठेवून झोपली. ओम आणि वेदांत एकमेकांना ढोसत हसत होते.

"काय आहे रे?"

"ताई, सानिकाची शू पिवळी आहे. एकदम हळदीसारखी. आम्ही बघितली."

मला लाज वाटली. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "घाणेरडं बोलायचं नाही. पाढे म्हणा." त्यांनी पाढे म्हटले.

मी हे खूपदा आठवून बघितलं आहे. शाळेत मी कावीळ शिकले होते. पिवळे डोळे, पिवळी लघवी, भूक जाणे, अन्नाचा वास नकोसा होणे. परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते. आणि दोन दिवस आबा भरवत होते तेव्हाही मला वाटत होतं की हिला नको आहे. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आबा, राहू दे ना आज." ते म्हणाले, "तू अभ्यास बघ, ताट मी बघतो." मी गप्प बसले. त्यांच्या खोलीत, त्यांच्या ताटात जेवणारी मी. त्यांना दुखवलं तर उद्या काय, एवढाच विचार माझ्या मनात तेव्हा होता. तो भीतीचा होता की भुकेचा, मला अजून नीट सांगता येत नाही.

शनिवारी पहाटे सानिकाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर केल्या आणि आईला विचारलं, "तेलकट किती दिलं हिला?"

सहा दिवस ती अ‍ॅडमिट होती. त्याच आठवड्यात चाळीत आणखी चौघांना कावीळ झाली. पाण्याचा पाइप गटाराला लागून गेलेला आहे, तो फुटला होता. चौघांपैकी तिघांनी आबांच्या घरचा घासही कधी खाल्ला नव्हता. पण हे कळायला दहा दिवस गेले, आणि तोवर जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

संगीताताई दवाखान्यातून कपडे न्यायला आली तेव्हा आबा पायऱ्यांवर उभे होते. मी मागे होते.

"बरी आहे काय पोर?" आबांनी विचारलं.

"तिचं लिव्हर सुजलंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिच्या तोंडात वडे कोंबत होतात. चार दिवस ती नको म्हणत होती ना? ऐकू नाही येत तुम्हाला?"

आबा एक पायरी खाली आले. मग म्हणाले, "पण तिनं सगळा संपवला होता."

संगीताताई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती त्यांना मारेल. ती पिशवी घेऊन खाली उतरली.

त्या संध्याकाळी आबांनी मला बोलावून मोबाइल पुढे केला. "ह्या काय येतासा गो सारखा? वाच."

ग्रुपवर इंग्रजीत बारीक अक्षरांत ओळी येत होत्या. मी म्हटलं, "आबा, ओमची आई ग्रुपमधून गेली."

"आणि खालचा?"

"वेदांतची आई."

"त्याच्या खालचा?"

मी सगळ्या वाचल्या. ग्रुपमध्ये शेवटी आबा आणि मी राहिलो. आणि संगीताताई. ती गेली नव्हती. बहुतेक तिला बघायला वेळच मिळाला नसेल. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता सवयीने आबांचा निरोप आला. "नमस्कार. परब बोलतोय." पुढे पंख्याचा आवाज, मग तोही बंद.

मुलांची शाळा मात्र साडेबारालाच सुटत होती. ओमच्या गळ्यात दोऱ्याने किल्ली आली. तो पायरीवर बसून नूडल्सचा पुडा हाताने चुरायचा, त्यात मसाला टाकायचा आणि कोरडाच खायचा. गॅसला हात लावायचा नाही, असं आईने बजावलं होतं. वेदांतची आई सकाळी भात करून ठेवायची, तो थंड भात मांजराने दोनदा पाडला. मी एकदा ओमला विचारलं, "भूक भागते का रे याने?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "संपतं."

माझं सांगायचं तर मी वडापाव खाऊन कॉलेजच्या लायब्ररीत बसायला लागले. आबांकडे जायची हिंमत नव्हती. पाइपचं कळल्यावरही नाही. मग आईच एकदा म्हणाली, "त्यांची खिडकी उघडत नाही हल्ली. जाऊन ये."

मी गेले तेव्हा दीड वाजला होता. खोलीत आंबूस वास होता. ओट्यावर मोठं टोप भाताने भरलेलं, त्याच्या शेजारी कालचं टोप, तेही भरलेलं. आबा भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती.

"एवढा भात कोणासाठी, आबा?"

"हाताक मापच तेवढा," ते म्हणाले. "कमी टाकूक गेलो तर जमत नाय. कच्चा ऱ्हवता."

"तुम्ही जेवलात?"

"झाला माझा."

ओट्यावर एकही खरकटं भांडं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तीन वर्षं मी या घरात जेवले आणि आबांना जेवताना एकदाही बघितलं नाही. ते कधी जेवतात, असा प्रश्नही मला पडला नव्हता. मी त्या दिवशीही काही बोलले नाही. दोन्ही टोपं घासली आणि घरी आले. त्यांच्या मुलाला फोन करायला हवा होता. मी नंबर काढला आणि फोन परत ठेवला. तो त्यांना डोंबिवलीला घेऊन जाईल. मग काय?

सोमवारी संगीताताई दारात उभी राहिली. मी आत होते, कॉलेजला सुट्टी होती आणि आबांना अमृतांजन हवं होतं म्हणून आले होते. तिच्या अंगावर दुकानाचा युनिफॉर्म होता. सानिका तिच्या मागे, हाताला सुया टोचल्याचे डाग, फ्रॉक सैल झालेला. संगीताताई उंबऱ्याच्या आत आली नाही.

"आजपासून रजा देत नाहीत," ती म्हणाली. "उकडलेलं द्यायचं. तेल नाही. तूप नाही. नको म्हणाली की ताट उचलायचं. एक घाससुद्धा जास्त नाही."

"होय," आबा उठून उभे राहिले. "होय, मॅडम."

ते तिला नेहमी संगीता म्हणायचे. तिलाही ते मॅडम ऐकू आलं असणार. तिने सानिकाचा फ्रॉक सारखा केला. मग म्हणाली, "मला दुसरं कोणी नाहीये, आबा. म्हणून." आणि पायऱ्या उतरून गेली.

आबांनी बटाटा उकडला. पेज केली, मीठ घातलं, वाटी पाण्यात ठेवून निववली. तिच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि लांब, दाराशी जाऊन बसले. सानिका खात होती. मी तिच्याकडे बघावं की आबांकडे, मला कळेना. अर्धी वाटी पेज झाली, बटाट्याचे चार तुकडे झाले, आणि ती म्हणाली, "बास."

आबांचा हात वर आला. एक घास एवढा, असं ते आता म्हणणार, असं मला वाटलं. हात हवेत थांबला. मग त्यांनी उठून ताट उचललं, मोरीपाशी नेलं, पाठमोरे उभे राहिले. नळ चालू केला. बराच वेळ चालू ठेवला.

ते परत आले तेव्हा सानिकाने विचारलं, "आबा, तुम्ही जेवलात?"

"होय गो. झाला माझा."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "नाही जेवलेत, सानिका. आज नाही, काल नाही. खोटं बोलतायत ते."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोणीतरी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं. मी दुसरं ताट घेतलं, टोपात उरलेली पेज आणि बटाटा वाढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते बसले. घास हातात धरून बसून राहिले.

"हिची आजी होती तेव्हा," ते म्हणाले. सानिकाची आजी नाही, त्यांची बायको. "तीच वाढायची. रात्री कँटीनमधून आलो की समोर बसायची. मी खात असताना बोलायची सगळा दिवसाचा. ती गेल्यावर माझा ताट कोणी वाढूक नाय गो. आचाऱ्याक कोण वाढतलो? उभ्या उभ्या दोन घास टाकायचे, काम झाला."

त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा तोंडात फिरत राहिला. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि ताट थोडं पुढे सरकवलं. बटाटा तसाच होता.

"जात नाय," ते हळूच म्हणाले. ताटाकडे न बघता. लाज वाटल्यासारखे.

सानिका सरकत त्यांच्याजवळ आली. तिने ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, दवाखान्यात तिची आई घालायची तसं असणार, आणि म्हणाली, "नको तर नको. मग खा थोड्या वेळाने."

ती त्या झाकलेल्या ताटाशेजारीच वही उघडून बसली. मी तिला दोनचा पाढा दिला. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते.

चार वाजता तिने वरचं ताट काढलं आणि त्यांच्याकडे बघितलं. आबांनी आणखी दोन घास खाल्ले. तिने पुन्हा झाकून ठेवलं.